पाडव्याची पंगत : चूल, खाणावळ आणि उपाहारगृह

महाराष्ट्रात वसंत ऋतूचे आगमन पंचांगाइतकेच स्वयंपाकघरातही कळून येते. फाल्गुनी पौर्णिमेस होळीपुढे पुरणपोळीचा नैवेद्य होतो. पंधरा दिवसांनी पाडव्याच्या पानात श्रीखंड येते. पुढे महिनाभर चैत्रगौरीच्या निमित्ताने घरोघरी आंब्याची डाळ आणि पन्हे होते. रामनवमीस सुंठवडा वाटला जातो. आणि वैशाखातील अक्षय्य तृतीयेला आमरसाची वाटी पानात विराजमान होते. सुमारे सात आठवड्यांच्या या काळात मराठी कुटुंबात जितके गोडधोड होते तितके, दिवाळी वगळली तर, वर्षात अन्य केव्हा होत नसेल.

आपल्या मंडळाचे वार्षिक स्नेहभोजन पाडव्यालगतच्या सुटीत करण्याचा प्रघात आहे. यंदा कार्यकारी मंडळाच्या बैठकीत त्यासंबंधी दोन सूचना आल्या. भोजनाची सर्व व्यवस्था एखाद्या मोठ्या उपाहारगृहाकडे सोपवावी, म्हणजे त्या दिवशी तरी महिलावर्गास विश्रांती मिळेल, ही पहिली. पंगत केवळ सभासद कुटुंबांपुरतीच ठेवावी, बाहेरच्या कोणास निमंत्रण देऊ नये, कारण पूर्वापार तसेच चालत आले आहे, ही दुसरी. दोन्ही सूचनांचा निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. 'पूर्वापार' हा शब्द उच्चारावयास सोपा. परंतु पूर्वी नेमके काय होते, कोण कोणाबरोबर जेवत होते, कोण रांधत होते आणि कोण उपाशी राहत होते, हे पाहिल्यावाचून त्या शब्दाचा आधार घेणे बरे नव्हे. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच करण्याचे योजिले आहे. शेवटी सणाच्या दोन-तीन दिवसांच्या खाण्यापिण्याविषयी काही व्यवहारी सूचनाही करू.

ताटातील पदार्थांची वंशावळ

प्रथम ताटाकडेच पाहू. पाडव्याचे श्रीखंड हे फार प्राचीन घराण्यातील पक्वान्न आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नविषयक प्रकरणात मांड्यांचे आणि वड्यांचे वर्णन आहे, तसेच दह्यात साखर व सुगंधी द्रव्ये घालून केलेल्या शिखरिणीचेही आहे. ही शिखरिणी म्हणजे आपल्या श्रीखंडाची पणजी होय. पुढे सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने दूर तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयाने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. याचा अर्थ असा की, मराठी माणूस जेथे गेला तेथे आपली पाकविद्या बरोबर घेऊन गेला, आणि तेथील पाकविद्येकडे कुतूहलानेही पाहिले.

परंतु त्याच ताटातील सर्वच मंडळी इतकी जुनी नाहीत. रामनवमीच्या उपासाला आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांची जहाजे पश्चिम किनाऱ्यास लागू लागल्यानंतरच्या काळात ही पिके आपल्याकडे रुजली. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज, 'काजू' आणि 'पाव' हेही त्याच भाषेतून आलेले. ज्या हापूस आंब्याचा आपणांस इतका अभिमान, त्याचे नावदेखील 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून पडले आहे, आणि कलमे बांधून आंब्याची उत्तम जात टिकविण्याच्या कलेस त्या लोकांनी गोव्यात मोठी चालना दिली. सारांश, ज्या खिचडीस आपण सोवळ्यातील अन्न मानतो तिच्यातील एकही मुख्य जिन्नस शिवछत्रपतींच्या पूर्वजांच्या घरी ठाऊक नव्हता. अन्नाने कधी जात विचारली नाही. समुद्र ओलांडून आलेल्यास आपल्या आजीपणजीने फोडणीत घेतले आणि दोन-तीन पिढ्यांत त्याला उपासाचा मानही दिला.

ही विद्या छापील पुस्तकात आली ती एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. ते मराठीतील आरंभीच्या छापील पाकशास्त्रांपैकी होय. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. या ग्रंथांचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. पूर्वी एका जातीच्या घरातील आमटीची तऱ्हा दुसऱ्या जातीच्या घरास कळण्याचा मार्ग नव्हता, कारण कोणी कोणाच्या चुलीपर्यंत जातच नव्हते. पुस्तकाने ती चूल सर्वांसाठी उघडी केली. पुस्तकाला शिवाशीव नसते.

सोवळ्याची पंगत आणि वार लावून जेवणारे

ताटातील अन्न सर्वांकडून आले, परंतु ताटासमोर सर्वांना एकत्र बसता येत नसे. पेशवाईतील पंगतींची वर्णने आपण मोठ्या कौतुकाने वाचतो. पानाची डावी बाजू, उजवी बाजू, मीठ कोठे, लिंबू कोठे, वरणावर तूप केव्हा, हा सर्व क्रम त्या काळी शिस्तीस पोचला. त्या शिस्तीचे सौंदर्य आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याच पंगतीत जातवार ओळी वेगळ्या होत्या, स्त्रिया सर्वांच्या मागून जेवत, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्यास उरलेले अन्न येई, हेही त्याच चित्राचे अंग आहे. चित्राचा अर्धा भाग झाकून उरलेल्या अर्ध्यास परंपरा म्हणणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभत नाही.

या व्यवस्थेतही भुकेल्यास अन्न मिळण्याच्या काही वाटा होत्या. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत. काही माधुकरी मागत. विद्येसाठी अन्न देणे हे पुण्य, ही भावना थोर होती. परंतु वार मिळे तो बहुधा ज्ञातीच्या घरी. ज्याच्या जातीत शिकलेली किंवा खाऊन-पिऊन सुखी अशी सात घरे गावात नव्हती, त्याने वार कोठे लावावे? त्याच्यापुरते पुण्याचे दार बंदच होते.

या बंधनाचा बोभाटा झाला तो एका चहाच्या पेल्यावरून. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमास शहरातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ गेले होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. आज या हकिकतीचे हसू येते. परंतु ज्या चहावाचून आपली एकही बैठक होत नाही, तो परक्याच्या हातून घेतल्याबद्दल देशातील अग्रगण्य पुरुषांना जाब द्यावा लागत होता, आणि या गोष्टीस अद्याप दीडशे वर्षेही झालेली नाहीत, हे नव्या पिढीने ध्यानात ठेवावे.

वसतिगृह आणि खाणावळ

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचा जन्म याच परिस्थितीतून झाला. शिक्षणासाठी किंवा पोटासाठी शहरात आलेल्या तरुणास राहावयास जागा नाही आणि जेवावयास पंगत नाही, ही अडचण दूर करणे हे त्यांचे आद्य कार्य होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले, आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज, अशा अनेकांसाठी वसतिगृहे निघाली. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. प्रत्येक ज्ञातीचे वसतिगृह वेगळे असण्यामागे महाराजांचा हेतू भिंती पक्क्या करण्याचा नव्हता. ज्यांना कोणत्याच पंगतीत स्थान नव्हते त्यांना प्रथम हक्काचे पान मिळवून देण्याचा होता. ज्ञातिसंस्था ही शिडीची पहिली पायरी होती. पहिल्या पायरीवर पाय न ठेवता वर चढता येत नाही, आणि तेथेच उभे राहिल्यानेही वर जाता येत नाही.

पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी चढून दाखविली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह सुरू केले तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही विकले. स्वतः कर्मठ वळणाच्या घरात वाढलेल्या त्या माउलीने परक्या जातीची पोरे आपली मानली. वसतिगृहात सणाच्या दिवशी गोडधोड झाले असेल वा नसेल. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत गोड पंगत कोणती, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही साताऱ्याच्या त्या भाकरीच्या पंगतीकडेच बोट दाखवू.

मुंबईत निराळी गरज उभी राहिली होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि नंतरच्या काळात कोकणातून व घाटावरून माणसांचा ओघ गिरणगावाकडे सुरू झाला. कुटुंब गावी, पुरुष मुंबईस, असा संसार. एकेका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने निजत; खोली गावाच्या किंवा भावकीच्या नावाने चाले. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका त्याच चाळींत राहत. त्यांना कोणी उपाहारगृहाची मालकीण म्हटले नाही. त्या केवळ 'खाणावळवाल्या' होत्या. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी, असे त्यांच्या चुलीचे तीन प्रहर गिरणीच्या भोंग्यावर चालत. पगाराच्या दिवशी पैसे मिळत; संप झाला की उधारी चाले. गावी जाऊ न शकलेल्या गड्याच्या पानात होळीची पोळी पडली ती बहुधा याच बायकांच्या हातची.

या श्रमांची नोंद समाजाने उशिरा घेतली. गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या व्याजात रुतलेल्या या खाणावळवाल्यांना बँकेच्या कर्जाचा मार्ग दाखविला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगाव विस्कटले, जेवणारे गावी परतले आणि शेकडो चुली थंडावल्या. खाणावळीचा इतिहास लिहिताना तो कामगारांच्या इतिहासाच्या तळटिपेत घालतात. वास्तविक त्या अन्नावरच तो इतिहास उभा होता.

उपाहारगृहाची पाटी

खाणावळ ही नेहमीच्या जेवणाऱ्यांची. उपाहारगृह हे वाटसरूचे. पैसे टाकावे, खावे आणि चालू लागावे, असा त्याचा व्यवहार. वरवर पाहता ही साधी गोष्ट. परंतु आपल्या समाजरचनेत ती क्रांतीच होती. शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, आत कोण रांधीत आहे, हे विचारण्याची सोयच तेथे उरत नव्हती. म्हणूनच आरंभीच्या काळात पाटीवर जातीचा उल्लेख करून गिऱ्हाइकाची शंका आधीच फेडण्यात येई. ब्राह्मणी उपाहारगृह, मराठा खाणावळ, हिंदू हॉटेल, अशा पाट्या गावोगाव होत्या. 'स्वच्छ' हा शब्दही पाटीवर आवर्जून असे, आणि त्याचा अर्थ केवळ घासलेली भांडी एवढाच होत नसे.

मुंबईत दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० सालापासूनचे. बटाटावड्यासाठी त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. पुण्यात मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले. माटुंग्यास १९४२ साली रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले; तेथे केळीच्या पानावर दाक्षिणात्य भोजन मिळू लागले. आपला पाडवा तोच कानडी व तेलुगू बंधूंचा उगादी, हे अनेक मुंबईकरांस प्रथम कळले ते माटुंग्याच्या पानावरच.

तथापि ज्यांना या दारांतून आत जाता येत नव्हते त्यांचे काय? पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासाठी कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे, आणि ती त्यांनीच विसळावयाची असे. या अपमानास उत्तर म्हणून कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने 'सत्यसुधारक' हॉटेल काढले. तेथे कोणी चहा घेईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. एका राजाने एका चहाच्या पेल्यात जे साधले ते शंभर व्याख्यानांनी साधले नसते. पुढे १९३३ साली रत्नागिरीस स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह उघडविले, आणि अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकर सहभोजने घडवून आणली. विचारांनी परस्परांहून फार दूर असलेली ही माणसे एका गोष्टीवर येऊन मिळाली : जेवणाची ओळ मोडल्यावाचून समाजाची फूट सांधत नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने त्यास शिक्षेचे बळ दिले. घटनाकारांनी देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख करावा, यावरूनच त्या बाकाची किंमत काय होती हे उमगते.

टंचाईच्या वर्षांचाही येथे निर्देश केला पाहिजे. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी सायंकाळचे एक जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक उपाहारगृहांनी सोमवारी सायंकाळी चुली बंद ठेवल्या. १९७२ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतील लोकांनी सुकडीवर दिवस काढले. घरातील वडीलधाऱ्यांनी पानात अन्न टाकू नये म्हणून जो आग्रह धरला तो निव्वळ शिस्तीचा नव्हता. त्यामागे या आठवणी होत्या.

पन्हे, ताक आणि पाणी

सणाच्या पेयांचा विचार करताना आपण पन्हे, मठ्ठा, कोकमाचे सरबत, उसाचा रस आणि दादर-गिरगावच्या उपाहारगृहांतील पियूष यांची नावे घेतो. चैत्रात पन्हे योग्यच आहे; उन्हाचा तडाखा सोसण्यास उकडलेल्या कैरीसारखे दुसरे साधन नाही. परंतु चैत्रातील सर्वांत जुने पेयदान म्हणजे पाण्याचे. उन्हाळा लागताच पाणपोई घालणे हा आपल्याकडे मोठा धर्म मानला गेला.

याच ऋतूत, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह ओंजळभर पाणी घेतले. ते तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता, परंतु ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात, अशी स्थिती होती. पाणी घेतल्याबद्दल लोकांस मार खावा लागला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि वाद न्यायालयांतून फिरत अखेर १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात मिटला. गावोगाव पाणपोया घालून पुण्य जोडणाऱ्या समाजाने तळ्याच्या काठी एका ओंजळीस अडवावे, ही विसंगती चैत्रात पन्ह्याचा पेला हाती घेताना एकदा तरी आठवावी.

आता सणाविषयी

इतके पाहिल्यावर पाडव्याच्या सुटीकडे वळू. सन २०२५ मध्ये मोठा सुंदर योग आला होता. शनिवारी, २९ मार्चला, अमावास्या, रविवारी पाडवा आणि सोमवारी रमजान ईद. लागून आलेल्या अशा दिवसांचा विनियोग कसा करावा, याविषयी आमचे मत पुढीलप्रमाणे आहे.

आदल्या दिवशी सायंकाळी घरातील चूल शक्य तो बंद ठेवावी. कामे एवढीच : दही स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवणे, हरभऱ्याची डाळ भिजत घालणे, कैऱ्या उकडून घेणे. ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी करावीत. त्यांत अवघड काही नाही. त्या सायंकाळी सर्व कुटुंबाने जवळच्या मराठी उपाहारगृहात जाऊन थालीपीठ, साबुदाणावडा, पियूष असे हलके काही घ्यावे. आपल्या पैशाने ही जुनी घरे चालू राहतात, याचाही विचार असावा.

पाडव्याचे जेवण घरीच बरे. प्रथम कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, जिरे, ओवा, हिंग, चिंच यांची चटणी. मग चक्क्यास त्याच्या वजनाहून थोडी कमी साखर घालून केलेले, वेलदोडा व केशर घातलेले श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. आंब्याच्या डाळीसाठी चार-पाच तास भिजलेली डाळ भरड वाटावी, किसलेली कैरी व ओले खोबरे घालावे आणि वर हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी द्यावी. पन्ह्यास कैरीच्या गराच्या दुप्पट गूळ पुरतो. पदार्थ कमी असले तरी चालतील, परंतु घरातील स्त्रियांचे पान पहिल्या पंगतीस मांडले जावे. वाढण्याचे काम ज्यांना आजवर केवळ मागण्याचीच सवय आहे त्यांनी करावे.

राहिला मंडळाच्या स्नेहभोजनाचा प्रश्न. स्वयंपाक बाहेरून आणावा, या पहिल्या सूचनेस आमचा विरोध नाही. मात्र तो मोठ्या दिवाणखान्याच्या ठेकेदाराऐवजी महिलांच्या एखाद्या बचत गटाकडे किंवा खाणावळीकडे द्यावा आणि दर ठरविताना घासाघीस करू नये. खाणावळवाल्यांच्या हातच्या अन्नावर आपल्या आजे-पणज्यांनी मुंबईत दिवस काढले. ते देणे फेडण्याची ही रीत आहे.

दुसऱ्या सूचनेस मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. पंगत ज्ञातीपुरतीच असावी हे 'पूर्वापार' आहे खरे. परंतु पूर्वापार तर आपल्याच ज्ञातीच्या स्त्रिया मागून जेवत होत्या, आणि रानड्या-टिळकांस चहाबद्दल जाब द्यावा लागत होता. त्या गोष्टी आपण सोडल्या, त्या सोडल्याचा आज कोणास पश्चात्तापही नाही. आम्ही तीन तपांजवळ शाळेत काढली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळाशाळांतून शिजवलेले अन्न मिळू लागले. दुपारच्या सुटीत व्हरांड्यात ओळीने बसून खिचडी खाणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. त्या ओळीत कोण कोणाचा हे हजेरीपटावरून कळले असते, ताटलीवरून नाही. जी गोष्ट आठ वर्षांच्या मुलांस रोज साधते ती आपल्या मंडळास वर्षातून एक दिवस साधू नये काय?

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे आमची नम्र विनंती अशी आहे. स्नेहभोजनाच्या एकूण पानांपैकी चौथा हिस्सा पाहुण्यांचा असावा. त्यात सणास घरी जाऊ न शकलेले वसतिगृहातील विद्यार्थी असावेत, मग ते कोणत्याही जातीचे असोत. आपल्या सभागृहाची झाडलोट करणारी मंडळी असावीत, आणि त्यांनी त्या दिवशी केवळ पानावर बसावे. शेजारच्या मोहल्ल्यातील ज्या कुटुंबांतून ईदेला आपल्याकडे शिरखुर्मा येतो तीही असावीत. खर्चाचा प्रश्न निघाल्यास दोन पक्वान्नांऐवजी एकच ठेवावे. श्रीखंड असताना जिलेबीची गरज नाही. पाहुण्यांची वेगळी ओळ मात्र करू नये. पाने सरसकट मांडावीत आणि जो जसा येईल तसा बसावा.

ज्ञातिसंस्था स्थापन करणाऱ्या मंडळींनी उपाशी पोरास पान मिळावे म्हणून वर्गणी गोळा केली होती. आज आपल्या पोरांस पानाची उणीव नाही, हे त्यांचेच पुण्य. ज्यांना अद्याप ती उणीव आहे त्यांच्यापर्यंत पंगत नेणे हेच त्यांचे कार्य पुढे चालविणे होय, असे आम्हांस वाटते. निर्णय सभेचा. सर्व सभासद कुटुंबांस नूतन वर्ष सुखाचे जावो.